‘ड’ वर्गातली गावं

डरहॅम ही इंग्लंडच्या ईशान्येकडची कोळशाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. १९५१ साली तिथं दोन गोष्टी घडल्या. २९ मे रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास ईझिंग्टन कोलिअरी या गावच्या खाणीत स्फोट झाला. त्यात ८१ कामगार गेले आणि त्यांना शोधायला खाली उतरलेल्यांपैकी दोघे परतले नाहीत. त्याच वर्षी काउंटी कौन्सिलनं आपला विकास आराखडा मांडला. ३५७ वस्त्यांची पाहणी करून त्यांचे चार वर्ग पाडले होते. ‘अ’ वर्गातली गावं वाढणार, ‘ब’ वर्गातली आहेत तेवढी राहणार, ‘क’ वर्गातली थोडी आटणार. राहिली ११४ गावं, ती ‘ड’ वर्गात. या गावांत यापुढं मोठा पैसा घालायचा नाही, नवी घरं बांधायची नाहीत, जुनी घरं आयुष्य संपलं की पाडायची आणि माणसं दुसरीकडं हलवायची, असं ठरलं. कारण एकच. तिथल्या खाणी संपल्या होत्या किंवा संपत आल्या होत्या.

ईझिंग्टन ‘ड’ वर्गात नव्हतं, तिथली खाण जोरात चालू होती. तरी या दोन्ही गोष्टी मला एकत्र ठेवाव्याशा वाटतात. एकीकडं गावानं कोळशासाठी काय दिलं याचा हिशेब, दुसरीकडं कोळसा संपल्यावर गावाला काय मिळणार याचा. माझं म्हणणं स्पष्ट आहे. खाण बंद करण्याचा निर्णय सरकार घेऊ शकतं, गाव बंद करण्याचा नाही. आणि खाणीच्या कोणत्या खुणा गावात राहाव्यात हे गावानं ठरवावं, त्यांच्या देखभालीचा पैसा मात्र खाण बंद करण्याच्या खर्चातच धरलेला असावा. जत्रेची वर्गणी मागितल्यासारखा तो गावाला दरवर्षी मागायला लागू नये.

आराखडा करणारी माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. डरहॅम ही १९१९ साली मजूर पक्षानं जिंकलेली पहिली काउंटी कौन्सिल. तिचं नेतृत्व पीटर ली यांच्याकडं होतं, म्हणजे लहानपणापासून खाणीत राबलेल्या माणसाकडं. पुढं १९४८ साली खाणगावांतल्या लोकांसाठी नवं शहर वसवायचं ठरलं तेव्हा त्याला पीटरली असं त्यांचंच नाव दिलं गेलं. खाणगावांतली घरं खरोखर वाईट होती. भिंतींना ओल, संडास मागच्या बोळात, अंघोळीला स्वयंपाकघरात शेगडीपुढं ठेवलेलं पत्र्याचं घंगाळ. आपल्या आईबापांनी ज्या घरांत दिवस काढले त्या घरांत मुलांनी राहू नये, असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काय? पण घर वाईट आहे म्हणून घर सुधारणं वेगळं आणि घर वाईट आहे म्हणून गावाचं नाव खोडणं वेगळं. कौन्सिलनं दुसरा रस्ता धरला. तोही गावाला न विचारता.

विटन पार्क या गावाचं उदाहरण घ्या. बिशप ऑकलंडजवळ, वेअर नदीच्या काठी हे गाव आहे. १८२५ साली स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली ती या भागातला कोळसा समुद्राकडं नेण्यासाठी, आणि तिचं पश्चिमेकडचं टोक विटन पार्कच्या खाणीशी होतं. वाफेच्या इंजिनानं ओढलेली सार्वजनिक रेल्वे जगाला या मार्गावर पहिल्यांदा दिसली. पुढं १८४६ साली इथं लोखंडाचा कारखाना आला, १८८४ साली तो बंद पडला, आणि गावानं बेकारी पहिल्यांदा पाहिली. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले ब्रॅडफर्ड बंधू, जॉर्ज आणि रोलंड, याच गावात जन्मले. एवढ्या इतिहासाचं गाव १९५१ साली ‘ड’ वर्गात गेलं.

‘ड’ वर्गात जाणं म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. दुरुस्तीला अनुदान नाही. नवं बांधकाम नाही. शेजारचं घर रिकामं झालं की ते कौन्सिल घेणार आणि पाडणार, मग तुमच्या भिंतीला आधार उरणार नाही आणि दोन पावसाळ्यांत तुमचंही घर पाडण्याजोगं ठरणार. दुकानदाराला गिऱ्हाईक कमी पडतं, तो जातो. बस कमी होते. तरुण जोडपी जातात, कारण त्यांना घरच मिळत नाही. आणि मग कौन्सिलचा माणूस आकडे दाखवून म्हणतो, बघा, गावाची लोकसंख्या घटतेय, आम्ही म्हणत होतो तसंच झालं. हे भाकीत स्वतःच स्वतःला खरं करत गेलं. गावाचा जीव गेला असं म्हणून त्याचं अन्नपाणी तोडायचं आणि मग त्याच्या अशक्तपणाचा पुरावा द्यायचा, असाच तो प्रकार होता.

तरीही यातली बहुसंख्य गावं मेली नाहीत. विटन पार्कच्या लोकांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, पत्रं लिहिली, घरं सोडायला नकार दिला. गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या गेल्या, पण गाव टिकलं आणि पुढं तिथं नवी घरंही उभी राहिली. १९७७ साली हे धोरणच मागं घेतलं गेलं. ११४ गावांची यादी नंतरच्या फेरआढाव्यात १२१ पर्यंत गेली होती, त्यातली पूर्णपणे पुसली गेलेली गावं मोजकी. तज्ज्ञांचा आराखडा एका बाजूला, घर न सोडणारी माणसं दुसऱ्या बाजूला, आणि पाव शतकानंतर बरोबर ठरली ती माणसं. हे उदाहरण नगररचनेच्या वर्गात शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आराखड्याची मूळ चूक कुठं झाली? खाणगाव म्हणजे खाणीची मजूरवस्ती, असं त्यात गृहीत होतं. सुरुवातीला ते खरंही होतं. कंपनी खाण खोदते, कंपनी घरांच्या रांगा बांधते, कामगाराला घर पगाराबरोबर मिळतं आणि काम सुटलं की घरही सुटतं. पण या गावांत दोन पिढ्यांत जे उभं राहिलं ते कंपनीनं बांधलेलं नव्हतं. म्हाताऱ्या कामगारांचंच पाहा. वय झालं, छातीनं साथ सोडली, खाणीत जाणं थांबलं की कंपनीचं घर रिकामं करावं लागे. आयुष्यभर जमिनीखाली राबलेला माणूस म्हातारपणी बायकोला घेऊन रस्त्यावर. यावर डरहॅमच्या कामगारांनी १८९८ साली स्वतःची संस्था काढली आणि पगारातून थोडे थोडे पैसे कापून वृद्ध कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. सरकारी घरं येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ही बुटकी, एकमजली, पुढं छोटीशी बाग असलेली घरं त्या भागात आजही ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांत माणसं राहतात. खाणगावाचा वारसा पाहायला जाणाऱ्यानं आधी या घरांपुढं उभं राहावं असं मी सुचवीन. चिमणी आणि माणसं खाणीत उतरवणारी चाकं नंतर.

वाचनालयं, सहकारी दुकानं, बँड, मेथडिस्टांची प्रार्थनाघरं, क्लब हे सगळं असंच वर्गणीतून आलं. १९२० च्या कायद्यानं खाणमालकांना टनामागं एक पेनी कामगार कल्याणासाठी द्यावी लागली आणि त्यातून सभागृहं, खेळाची मैदानं, पुढं खाणीवरची न्हाणीघरं झाली. डरहॅम शहरातली रेडहिल्स ही कामगार संघटनेची इमारत १९१५ साली उघडली, तीही कामगारांच्या पैशातून. तिच्यातल्या सभागृहात प्रत्येक खाणीच्या प्रतिनिधीची जागा क्रमांकानं ठरलेली असे, म्हणून लोक त्याला खाणकामगारांची संसद म्हणत. ज्या लोकांनी हे उभारलं त्यांच्या गावाची किंमत खाणीत किती टन कोळसा उरला यावरून ठरवणं हा त्यांच्या कर्तृत्वाचा अपमान होता.

आता ईझिंग्टनकडं येतो. हे गाव थेट उत्तर समुद्राच्या कड्यावर आहे. खाणीत उतरण्याची उभी विहीर खोदायला १८९९ साली सुरुवात झाली, पण पाण्यानं भरलेल्या खडकातून ती खाली नेणं फार कठीण गेलं. शेवटी जमीन गोठवून खोदावं लागलं आणि पहिला कोळसा वर यायला १९१० उजाडलं. पुढं ही खाण समुद्राच्या तळाखालून मैलोगणती गेली. वर लाटा, खाली माणसं. गावातल्या घरांच्या रांगांची नावं पाहण्यासारखी आहेत. एका भागातल्या सगळ्या गल्ल्या ‘ए’ अक्षरानं सुरू होतात, पुढच्या भागातल्या ‘बी’नं, आणि लोक त्यांना ए स्ट्रीट्स, बी स्ट्रीट्स असंच म्हणतात. शेजारच्या हॉर्डनमध्ये तर गल्ल्यांना नुसते आकडे दिले. घाईघाईनं, टनाच्या हिशेबानं वसवलेलं गाव नावांतूनच कळतं. आणि त्या आकड्यांच्या गल्ल्यांनाही लोकांनी आपलं घर केलं.

१९४७ च्या १ जानेवारीला खाणी सरकारच्या झाल्या, तेव्हा खाणीखाणीवर पाटी लागली होती की ही खाण आता जनतेच्या वतीनं चालवली जात आहे. ईझिंग्टनचा स्फोट त्यानंतर चारच वर्षांनी झाला. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात खडकातल्या गंधकी लोखंडाच्या खनिजावर आपटले, ठिणगी पडली, साचलेला वायू पेटला आणि कोळशाच्या धुळीनं तो भडका बोगद्याबोगद्यातून पुढं नेला. ती पाळी बदलण्याची वेळ होती, त्यामुळं निघालेले आणि नुकते आलेले असे दोन्ही पाळ्यांचे लोक त्या भागात सापडले. एकाच माणसाला जिवंत वर आणता आलं, तोही काही तासांत गेला.

स्फोट झाला त्या जागेवरचा एक दगड वर आणून गावात उभा केला आहे आणि शेजारी मृतांच्या आठवणीसाठी लावलेली झाडांची रांग आहे. दगडावरच्या मजकुरात कुणाला दोष दिलेला नाही, सूडाची भाषा नाही, शौर्याचे पोवाडेही नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यानं समजून घ्यावं आणि सगळ्यांत सद्भाव वाढवावा, एवढंच मागणं त्यात आहे. ८३ माणसं गमावलेल्या गावानं परक्या माणसाकडं मागावं तर हे. मला या दगडाइतकं मोठं स्मारक इंग्लंडच्या त्या भागात दुसरं दिसत नाही, डरहॅमचं कॅथीड्रल धरूनही.

१९८४-८५ साली खाणी बंद करण्याविरुद्ध देशभरच्या खाणकामगारांनी संप केला, त्यात हे गाव वर्षभर ठाम उभं राहिलं. ऑगस्ट १९८४ मध्ये संप मोडून निघालेल्या एका कामगाराला कामावर पोचवण्यासाठी पोलिसांचे ताफे गावात घुसले, त्याचा राग आजही लोकांच्या बोलण्यातून जात नाही. मे १९९३ मध्ये खाण बंद झाली, सुमारे १४०० माणसांचं काम एका झटक्यात गेलं. आणि मग साफसफाई इतक्या वेगानं झाली की शंभर वर्षं गावाच्या डोक्यावर उभं असलेलं सगळं पाहता पाहता नाहीसं झालं. विहिरीवरची चाकं गेली, इमारती गेल्या, विहिरी बुजवल्या. आज त्या जागी गवताळ टेकडी आहे आणि तिच्यावर माणसांना खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा उभा केला आहे. बाकी जवळजवळ काही नाही.

किनाऱ्याचं काम मात्र चांगलं झालं, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. अनेक दशकं इथल्या खाणींचा टाकाऊ दगड आणि गाळ थेट कड्यावरून समुद्रात लोटला जाई. पुळण काळी पडली होती. १९९७ ते २००२ या काळात सुमारे १ कोटी पौंड खर्चून हा किनारा साफ केला गेला, आता तिथं कड्यावरच्या गवतात दुर्मीळ फुलं आणि फुलपाखरं आहेत. हॉर्डनचा किनारा तर त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं सरकारी कोळसा महामंडळाकडून एका पौंडाला घेतला होता. एक पौंड! ज्या समुद्राखालून इतका पैसा वर आला त्याच्या काठाची ती किंमत.

पण निसर्ग परत आणणं आणि माणसांच्या खुणा पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि इथं ती एकाच झाडूनं केली गेली. यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गावातल्या कित्येकांनाच ती चाकं नको होती. नवरा किंवा भाऊ ज्या विहिरीतून परत आला नाही तिचं धूड रोज खिडकीतून का पाहावं? आपल्या मुलानं खाणीत जाऊ नये असं म्हणणारे बाप खाणगावांतच जास्त होते. बाहेरच्या हौशी माणसानं गंजलेल्या लोखंडात सौंदर्य शोधावं आणि गावानं त्याच्यासाठी आपलं दुःख प्रदर्शनाला मांडावं, हे मलाही मान्य नाही. म्हणूनच ठरवायचं गावानं, असं मी म्हणतो. पण ठरवायला वेळ लागतो. रोजगार गेल्याच्या पहिल्या वर्षी माणूस रागात असतो, कर्जात असतो. त्या वर्षी विचाराल तर तो म्हणेल पाडा. दहा वर्षांनी त्याचीच मुलगी विचारते की बाबा, खाण नेमकी कुठं होती? तोवर उत्तर देणाऱ्याला बोट दाखवायला काही उरलेलं नसतं. बंद झालेल्या खाणीची मुख्य वास्तू काही वर्षं तरी हात न लावता सुरक्षित ठेवायची आणि मग गावाला विचारायचं, एवढा नियम करणं काही अवघड नव्हतं.

हे होऊ शकतं याचा पुरावा शेजारीच आहे. नॉर्थम्बरलंडमधल्या ॲशिंग्टनजवळ वुडहॉर्नची खाण १९८१ साली बंद झाली. तिथली चाकं जागेवर ठेवली, इमारतींचं संग्रहालय केलं आणि खाणकामगारांनी फावल्या वेळात काढलेली चित्रं आज तिथंच पाहायला मिळतात. सन्डरलंडमध्ये वेअरमथ खाणीच्या जागी फुटबॉलचं स्टेडियम झालं, तेही मला पटतं, कारण जागा लोकांची राहिली. बीमिशच्या मोठ्या खुल्या संग्रहालयाबद्दल माझ्या मनात आदर आहे, हेटन-ले-होल या खाणगावातली पाडायला निघालेली घरं उचलून तिथं पुन्हा उभारली नसती तर ती गेलीच असती. पण तिकीट काढून पाहायचं खाणगाव जितकं नीटनेटकं होत जातं तितकं खऱ्या खाणगावाकडं दुर्लक्ष करणं सोपं होतं, ही भीती मला वाटते. पर्यटक बीमिशला दिवस घालवतो आणि ईझिंग्टनला जात नाही. पैसाही त्याच्याबरोबरच जातो.

गाव जिवंत आहे का, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं जुलैच्या दुसऱ्या शनिवारी डरहॅम शहरात जावं. १८७१ पासून भरणारा खाणकामगारांचा मेळावा, ज्याला तिथं ‘बिग मीटिंग’ म्हणतात, तो आजही भरतो. प्रत्येक गाव आपलं रेशमी निशाण आणि आपला बँड घेऊन येतं, निशाणामागं गावातली माणसं चालतात. ज्या वर्षी खाणीत कुणी दगावलं त्या वर्षी त्या गावाच्या निशाणावर काळी फीत लावलेली असे. नवं निशाण असेल तर ते दुपारी कॅथीड्रलमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद मागितला जातो. आपल्याकडच्या दिंडीला ओळखणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आता डरहॅमच्या कोळसा पट्ट्यात एकही खोल खाण नाही, शेवटची वेअरमथ १९९३ च्या डिसेंबरात बंद झाली. तरी ज्यांची खाण अर्धशतकापूर्वी बंद झाली अशी गावंसुद्धा वर्गणी काढून नवी निशाणं शिवून घेतात. काहींना ‘ड’ वर्ग मिळाला होता.

खर्च कुणी करायचा, हा प्रश्न उरतो. ‘खाण गेली, आता किती वर्षं पैसे द्यायचे?’ असं विचारणाऱ्यांना मी पाण्याकडं बोट दाखवतो. पूर्व डरहॅमच्या खाणी बंद झाल्यावर पंप थांबले आणि रिकाम्या बोगद्यांत पाणी चढू लागलं. वरच्या चुनखडीतल्या पिण्याच्या पाण्यात ते मिसळण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून हॉर्डन आणि डॉडन इथं हे पाणी उपसून शुद्ध करणारी केंद्रं उभारावी लागली आणि ती चालूच ठेवावी लागणार आहेत. सरकारी यंत्रणेनं हे बिनतक्रार मान्य केलं आहे, कारण पाणी वाट पाहत नाही. आता तर त्या कोमट पाण्यातून घरं गरम करण्याच्या योजनाही आहेत, गेट्सहेडमध्ये ते प्रत्यक्ष सुरू झालं आहे. जमिनीखालच्या पाण्याची जबाबदारी संपत नाही हे मान्य आहे, मग जमिनीवरच्या माणसांची कशी संपते? पेन्शनचंच पाहा. १९९४ साली सरकारनं खाणकामगारांच्या पेन्शन निधीला हमी दिली आणि बदल्यात शिलकीतला निम्मा वाटा स्वतःकडं घ्यायचं ठरवलं. त्या निधीतले १५० कोटी पौंड कामगारांना परत द्यायचा निर्णय व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर किती जण गेले असतील याचा विचार करवत नाही.

मराठी वाचकानं यात लक्ष का घालावं? कारण चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत हीच वेळ आज ना उद्या येणार आहे. वरोऱ्याला आज आपण बाबा आमटेंच्या आनंदवनामुळं ओळखतो. पण वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतची रेल्वे एकोणिसाव्या शतकात टाकली गेली ती तिथल्या सरकारी कोळसा खाणीसाठी. ती खाण १९०६ साली बंद झाली आणि आता वरोऱ्याबाहेर हे किती जणांना ठाऊक असेल? तिथं राबलेल्या माणसांच्या आठवणीसाठी एखादा दगडही आपण मागितला नाही.

भारतात २००९ पासून कोळसा खाणीचा बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. विहिरी बुजवणं, ढिगाऱ्यांवर झाडं लावणं, पाण्याची व्यवस्था हे सगळं त्यात येतं. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीनं सावनेरला खाण पर्यटन सुरू केलं आणि पाटणसावंगीला खाणीतलं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं, हे चांगलंच आहे. पण घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, वणी इथल्या कामगार वसाहतींमधल्या शाळा, दवाखाने, सभागृहं खाणीनंतर कुणाच्या नावावर राहणार, हे त्या आराखड्यांत खाण चालू असतानाच लिहून घ्यायला हवं. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडलेला असावा आणि देखभालीची रक्कम त्याच खात्यातून बाजूला काढून गावाच्या ताब्यात यावी. खाण चालू आहे तोवर कंपनीला गावाची गरज असते आणि गावाच्या शब्दाला वजन असतं. ही मागणी करायची ती त्याच काळात.